गांधीबागेत वाचलेल्या अकरा गोष्टी

मी नागपूरला गेले ती स्वतःच्या अकरा कथा पिशवीत घालून, त्या मोठ्यानं वाचून दाखवायला. आणि पोचल्यावर पहिल्या दोन तासांतच आवाज घालवून बसले. त्यामुळे या प्रवासवर्णनात प्रेक्षणीय स्थळं जवळजवळ नाहीत. तलाव पाहिला तो चालत्या रिक्षातून, तोही अर्धाच. पण तुमच्यापैकी जे कोणी लिहितात आणि लिहिलेलं कुठं द्यावं हे न कळून कपाटात साड्यांखाली ठेवतात, त्यांनी तरी हे वाचावं. मी तसंच करत होते, म्हणून हक्कानं सांगते.

मी देवरुखची. शाळेत गणित शिकवते. नऊ वर्षांच्या मे महिन्यांत आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत या अकरा कथा लिहिल्या. सहा प्रकाशकांकडे पाठवल्या. तिघांनी उत्तरच दिलं नाही, चौथ्यानं ‘सध्या कथासंग्रह करत नाही’ असं कळवलं, आणि पाचव्यानं फारच प्रेमानं एक फॉर्म पाठवला: खर्च तुमचा, पुस्तक आमचं, वितरणाचं बघू. मी तो फॉर्म सगळा भरला होता. फक्त सही राहिली होती.

तेवढ्यात सहाव्याचा, नागपूरच्या गजभियेकाकांचा, निरोप आला. लहानसे प्रकाशक, वर्षाला चारपाच पुस्तकं काढणारे. निरोप असा: ‘कथा वाचल्या. काही आहे, काही नाही. फोनवर सांगता येत नाही. या. दोन दुपारी लागतील. स्वतः मोठ्यानं वाचावं लागेल.’

“एवढ्या लांब जाऊन ‘नाही’च ऐकायचंय का?” नवरा म्हणाला.

“नाही म्हणाले तर फॉर्म फाडीन आणि लिहिणंही बंद करीन,” मी म्हणाले.

माझ्या शपथा हा माणूस वीस वर्षं ऐकतोय आणि हसतोय. या वेळी हसला नाही. तेव्हा मला समजलं की मी खरंच बोलले आहे.

इंदोरा, पहिली सकाळ

रत्नागिरी, मुंबई, नागपूर हा मधला मजकूर गाळते. गाडीतल्या गारठ्यानं घसा धरला होता एवढंच सांगायला हवं, कारण पुढचं रामायण त्यातूनच झालं.

स्टेशनवर गजभियेकाका स्वतः न्यायला आले होते. सत्तरीचे, बारीक, खिशाला पेन्सिल लावलेले. माझी पिशवी त्यांनी हातात घेतली आणि वजन करावं तशी जरा वरखाली केली. “अकराच कथा आहेत ना जी? मग एवढी जड काहून?” मी म्हटलं, तीन प्रती आणल्यात. “हो का. एकच पुरली असती. ऐकायच्या आहेत.”

वाटेत त्यांनी नाश्त्याला थांबवलं. आमच्याकडे पोहे म्हणजे वर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड. इथं पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात, आणि वर पुन्हा “अजून घेता का?” असं प्रेमानं विचारतात. मी कोकणातली. आमचं तिखट नारळात बसून येतं; हे थेट आलं. पहिला घास बरा गेला, दुसरा आडमार्गानं गेला. असा ठसका लागला की शेजारच्या बाकावरचे दोघे उठून उभे राहिले. डोळ्यांतून, नाकातून पाणी. कोणीतरी बर्फाचं पाणी दिलं, मी ते गटागटा प्यायले, आणि तिथंच संपलं. इंदोऱ्याला काकांच्या घरी पोचून त्यांच्या बायकोला, कुंदाकाकूंना, नमस्कार म्हणायला तोंड उघडलं तर आत काही नव्हतंच. नुसती हवा.

“आवाज बसला वाटते,” काकू काकांकडे रोखून बघत म्हणाल्या. “तरी मी यायले सांगून राहिली होती, बाहेरगावच्या माणसाले तर्री नका देत जाऊ म्हणून.” मग मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध. मी कागदावर लिहून विचारलं, ‘आजचं वाचन उद्या करू या का?’ काकांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, “ढीग उद्यासाठी थांबत नाही ना जी.”

कसला ढीग, हे मला दुपारी कळलं.

गांधीबाग, पहिली दुपार

गांधीबाग म्हणजे कापडाचा घाऊक बाजार. अरुंद गल्ल्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेली माणसं, आणि दुकानात शिरलं की पांढऱ्या गाद्या. धकातेभाऊंचं साड्यांचं दुकान तिथलंच. ते काकांचे शाळेपासूनचे मित्र. सकाळभर गिऱ्हाइकं साड्या उलगडून बघतात, दुपारी जेवणवेळेला वर्दळ थांबते, आणि गादीवर उलगडलेल्या साड्यांचा कंबरेएवढा ढीग उरतो. त्याच्या घड्या करायला धकातेभाऊ आणि दुकानातले दोघे कामगार बसतात. पंचवीस वर्षं गजभियेकाका आपल्या लेखकांना त्या वेळी तिथं आणून बसवतात. लेखकानं वाचायचं. अभिनय करायचा नाही, मध्ये समजावून सांगायचं नाही. ऐकणाऱ्यांनी मत द्यायचं नाही. काका लेखकाकडे बघतच नाहीत. ते ढिगाकडे बघतात. गोष्ट पकडते तिथं हात थांबतात. जिथं हात पुन्हा चालू होतात तिथं काका आपल्या प्रतीत पेन्सिलीनं एक बारीक खूण करतात.

“म्हंजे ढीग उरला तं गोष्ट चांगली,” धकातेभाऊंनी मला सांगितलं. “तुमच्या चांगल्या लेखकापायी माह्यं काम मागं पडते. मले तं आपले साधे लेखकच परवडते.”

पण वाचणार कोण? मी घशाला हात लावून दाखवला. धकातेभाऊ काकांकडे वळून म्हणाले, “मंग उद्या करू ना गा, सुखदेव.”

“काहून उद्या?” कोपऱ्यातून एक बाई बोलली. “आना इकडे. मी वाचतो.”

ही सिंधूताई. पन्नाशीची, पायांशी दोन गठ्ठे बांधून ठेवलेले. ती गांधीबागेतून साड्या उचलते आणि बुटीबोरीला, कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या खोल्यांवर नेऊन विकते. बसला अजून वेळ होता. आमच्याकडे बाई ‘वाचते’ म्हणते, इथं ‘वाचतो’ म्हणते. मला ते ऐकायला फार रुबाबदार वाटलं. तिनं माझ्या हातातून कागद घेतले, ओळीखाली बोट ठेवलं आणि सुरुवात केली.

पहिली कथा ‘क्षितिज’. माझी सगळ्यात आवडती. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती वाचून मी एका निवृत्त मुख्याध्यापकांना रडवलं होतं. सिंधूताई वाचत होती, मी धकातेभाऊंच्या हातांकडे बघत होते. ते हात एकदाही थांबले नाहीत. हिरवी साडी, जांभळी साडी, पुन्हा हिरवी. कामगार तर दोघं मिळून काठाला काठ लावत होते. कथा संपली तेव्हा गादी स्वच्छ होती.

“एवढ्या लवकर घड्या कधीच झाल्या नाही,” धकातेभाऊ मनापासून म्हणाले. आभारच मानत होते बिचारे.

माझे कान तापले. मनात आलं, या लोकांना कळतं काय? साड्या विकणाऱ्यांनी कथेची पारख करावी? आवाज असता तर मी हे बोलूनही बसले असते आणि रात्रीच्या गाडीनं परत आले असते. आवाज नव्हता म्हणून बसून राहिले. तर्रीचे माझ्यावर हे मोठे उपकार आहेत.

मग दोन गिऱ्हाइकं आली, नवा ढीग पडला, आणि सिंधूताईनं ‘खुर्ची’ काढली. काजूच्या कारखान्यात दिवसभर उकिडवं बसून काम करणारी मालन पगारातून एक प्लॅस्टिकची खुर्ची घेते, फक्त स्वतःला बसायला. घरी आणली की आधी सासरा बसतो, मग नवरा, मग शेजारी. कथेच्या सुरुवातीला मी दीड पान सूर्योदय लिहिला होता. समुद्र, सुरूची झाडं, प्रकाशाचे सगळे रंग. त्या दीड पानाला मला एक आख्खी मेची सुट्टी लागली होती. सिंधूताईनं पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं, मनातल्या मनात थोडं वाचलं, पान उलटलं, आणि मोठ्यानं सुरू केलं, “मालननं खुर्ची डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून चालू लागली.”

मी ताडकन उठले. कागदावर बोट ठेवून मागचं पान दाखवलं.

“हाव, पाह्यलं मी,” ती म्हणाली. “थे तुमच्यासाठी असन. आमच्यासाठी खुर्ची.”

आणि पुढं वाचत गेली. मी तशीच उभी. धकातेभाऊंच्या हातात एका साडीचं टोक होतं. सासरा खुर्चीवर बसला तेव्हा ते टोक तिथंच राहिलं. एक कामगार हळूच म्हणाला, “बसला का म्हातारा!” शेवटी मालन खुर्ची उचलते आणि कारखान्यात घेऊन जाते, सगळ्या उकिडव्या बायकांच्या मध्ये ठेवते, आणि बसते. तिथं कथा संपते. सिंधूताई थांबली. ढीग होता तेवढाच होता. 

“मंग मालक काय म्हणाला?” तिनं मला विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी मान हलवली.

इंदोरा, दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशी काकूंनी गोळाभात केला होता. भाताबरोबर डाळीच्या भरड पिठाचे गोळे, वर कडकडीत फोडणीचं तेल. माझ्यासाठी मिरच्या वेगळ्या काढल्या होत्या आणि तसं तीनदा सांगितलं. नंतर संत्री आली, पानासकट. आमच्याकडे संत्र्याला चिकटवलेला कागद असतो, इथं देठाला पान असतं. मी सहा खाल्ली.

जेवणानंतर काकांनी आपली प्रत उघडली. आधी एकट्यानं वाचताना केलेल्या आणि काल केलेल्या खुणा दाखवल्या. मी गणिताची बाई. मला खुणा मोजायची सवय. अर्ध्याहून अधिक खुणा एकाच जातीच्या जागी होत्या: जिथं कोणीतरी काहीतरी करत होतं आणि मी ते थांबवून त्याचा अर्थ सांगायला लागले होते.

“फळ्यावर गणित सोडवून झालं की तुम्ही पोरांना पुन्हा सांगता ना, की बघा, असं सुटलं,” काका म्हणाले. “वर्गात बरोबर आहे ते. कथेत पोरं हुशार असतात.”

त्यांनी आणखी दोनतीन गोष्टी सांगितल्या, त्या जशाच्या तशा देते. लिहून झालं की महिनाभर बघायचं नाही. मग दुसऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं, स्वतः नाही. आपण वाचताना आपलं प्रेम आवाजात घालतो आणि कागदावरचं भोक बुजवतो. वाचणारा जिथं अडखळेल तिथं वाक्य मोडायचं. जिथं गाळेल तिथं भांडायचं नाही. “तुमचा आवाज बसला हे बरंच झालं,” ते म्हणाले. “पंचवीस वर्षांत मला सुचलं नाही. आता सगळ्यांनाच तर्री देतो.” काकूंनी आतून भांडं आपटलं.

पण मुख्य प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही. पुस्तक घेणार की नाही? मी वहीत लिहून विचारलं, तर म्हणाले, “आज उरलेल्या ऐकू. मग उद्या वाडीला चला.”

त्या दुपारी सिंधूताई मुद्दाम आली होती. उरलेल्या नऊ गोष्टी तिनं वाचल्या. कुठं हात थांबले, कुठं चालले. एका कथेला धकातेभाऊ सरळ उठून पाणी प्यायला गेले. मी आता रागावत नव्हते, टिपून घेत होते. निघताना सिंधूताईनं ‘खुर्ची’ची पानं सरळ आपल्या गठ्ठ्यात खोचली. “हे मी नेतो वं. उद्या बुटीबोरीले बायांना वाचून दाखवतो.”

मूळ कथा घरी संगणकात आहे, पिशवीत आणखी दोन प्रती आहेत, हे सगळं ठाऊक असूनही माझा हात पुढं गेला. परत घेण्यासाठीच गेला. मग ओशाळून मी तोच हात जोडला.

वाडी, तिसरा दिवस

अमरावती रस्त्यावर वाडी लागते. ट्रक, ट्रान्सपोर्टची गोदामं, पुन्हा ट्रक. एका गोदामाचा कोपरा काकांनी भाड्यानं घेतलाय. टायर आणि बिस्किटांची खोकी यांच्या मधे त्यांची पुस्तकं. बिस्किटांचा गोड वास सगळ्या साहित्याला लागलेला.

काकांच्या वडिलांनी दसऱ्याला दीक्षाभूमीवर ताडपत्री टाकून पुस्तकं विकली. काकाही लहानपणापासून त्या ताडपत्रीवर बसले. गावोगावची माणसं येतात आणि पिशव्या भरून पुस्तकं नेतात. आमच्याकडे जत्रेतून खाजं आणतात. इथं जत्रेतून पुस्तकं नेतात, हे मला फार मानवलं. “माणूस पुस्तक उचलतो,” काका म्हणाले, “पहिलं पान कोणी पाहत नाही. मधलंच उघडतो. चार ओळी वाचतो. एक तर पिशवीत, नाही तर परत ताडपत्रीवर. म्हणून कुठलंही पान पिशवीत जाण्यासारखं असलं पाहिजे.”

मग त्यांनी मागच्या भिंतीजवळ नेलं. तिथं सुतळी न सोडलेले गठ्ठे होते, कमरेच्या वरपर्यंत. एका निवृत्त अधिकाऱ्यांचा कवितासंग्रह. स्वखर्चानं, दुसरीकडून छापलेला. “माणूस गेला, गठ्ठे राहिले. मुलगा म्हणे, काका, घरी ठेवता येत नाही आणि रद्दीत देववत नाही. मी म्हटलं, आण.”

“वाईट होत्या कविता?” मी विचारलं. त्या दिवशी घोगरा का होईना, आवाज फुटला होता.

“काही चांगल्या होत्या जी. कोणाला ऐकवल्याच नाहीत. सरळ छापल्या.”

माझ्या डोळ्यांपुढं तो सहीवाचून राहिलेला फॉर्म आला. माझे असेच गठ्ठे देवरुखच्या माळ्यावर, आणि शाळेत जो भेटेल त्याच्या हातात एकेक कोंबणारी मी. 

आणि काकांनी तिथंच, उभ्या उभ्या सांगितलं. “तुमच्या पाच कथा तयार आहेत. चार दुरुस्त होतील. दोन, ‘क्षितिज’ आणि ती पावसाची, त्यांनी तुम्हाला लिहायला शिकवलं, त्यांचं काम झालं. पुस्तक मी काढीन. पण दीड वर्षानं. चालेल?”

मी खाली बसले ती त्या कवींच्या गठ्ठ्यावरच. मग लाज वाटून उठले. चार दिवस छातीवर कोणीतरी पाटा ठेवला होता तो उचलला गेला. पुस्तक निघणार याचा आनंद होताच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठा दिलासा दुसराच होता. मी वाईट लिहिते की चांगलं, हे नऊ वर्षं मला ठाऊक नव्हतं. आता पानापानावर पेन्सिलीनं लिहून मिळालं होतं. काय करायचं ते कळलं की माझ्यासारख्या बाईला झोप लागते.

काका तोवर व्यवहारावर आले होते. या दीड वर्षात तयार कथा एकेक करून मासिकांना, दिवाळी अंकांना पाठवा. ज्या मासिकाचा एकही अंक वाचला नाही त्याला काही पाठवू नका. सोबतचं पत्र चार ओळींचं. त्यात कथेचा आशय सांगायचा नाही. एक कथा एका वेळी एकाच ठिकाणी, आणि कुठं कधी पाठवली ते वहीत. तीन महिन्यांनी एक नम्र आठवण. परत आली तर दुःख संध्याकाळी करा, सकाळी ती दुसऱ्या पत्त्यावर गेली पाहिजे. मानधन किती, हे आधी विचारा. “धकाते साडीचा भाव सांगायला लाजतो का? मग तुम्ही काहून?” आणि करारात सगळे हक्क कायमचे असं लिहिलं असेल तर सही करू नका. “माझ्या करारात असलं तरी करू नका,” ते म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले.

परतीची सकाळ

निघताना काकूंनी दशम्या, संत्री आणि ज्येष्ठमधाची पुडी दिली. गाडी सुटली, मी वही उघडून चार दुरुस्त्यांची यादी करायला बसले. मालनच्या कारखान्याच्या मालकाचं काय करावं याचा विचार चालू होता, तेवढ्यात फोन आला. अनोळखी नंबर.

“ताई, मी सिंधू. वाचलं वं काल.”

“काय झालं?” मी विचारलं.  काका झाले, धकातेभाऊ झाले. पण या बायका दिवसभर मशिनीवर उभ्या राहून आलेल्या.

“काय होनार! शिफ्ट सुटून बाया आल्या, मी गठ्ठा सोडला, तं साडीले कोनी हातच लावला नाही. पह्यले गोष्ट वाच म्हने. दोनदा वाचाले लावली मले. एक तं रडलीच, म्हने माह्या घरी बी म्हातारा असाच बसते. माह्या साड्या तशाच राह्यल्या, सांगून ठेवतो. तुमचं पुस्तक निघालं का वीस द्या मले, साडीसंग इकतो.”

मी वहीत ‘सिंधूताई, वीस’ असं लिहून घेतलं. 

“आता एक भानगड झाली,” ती पुढं म्हणाली. “दोघी-तिघी इचारून राहिल्या, हे मालन कोन्या खोलीत राह्यते. मी बोलून गेलो, मागच्या लाइनीत राह्यते म्हनून. आज सुट्टी हाय, तं थ्या निघाल्या भेटाले. काय सांगू वं आता?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. बुटीबोरीचं स्टेशन मघाशीच मागं पडलं होतं.

“सांगा, मालन कामावर गेलीय,” मी म्हटलं. “तिला आज सुट्टी मिळाली नाही.”

“हाव,” सिंधूताई म्हणाली. “मालक तसाच असन तिचा. थेच सांगतो.”